आधी विचारपूस, मग आराखडा

(रुग्णालयाच्या वर्धापनदिनाच्या सभेत अंतर्गत रचना सल्लागारांच्या वतीने केलेल्या भाषणाचा मजकूर)



अंतर्गत रचना करणाऱ्याला सभेत बोलावले की तो रंगीत चित्रांची गुंडाळी काखेत मारून येईल, अशी सर्वांची अपेक्षा असते. आम्ही आज चित्रे आणलेली नाहीत. स्त्री व पुरुष कक्षांच्या नूतनीकरणाचे काम आपण आमच्याकडे सोपविले, त्यानंतरचे तीन महिने आम्ही कागदावर एकही रेघ ओढली नव्हती. त्याबद्दल काही विश्वस्तांनी सौम्य शब्दांत आणि एकांनी जरा कडक शब्दांत विचारणा केली होती. ती विचारणा रास्त होती. पैसा लोकांचा आहे आणि वेळही लोकांचाच आहे. तेव्हा त्या तीन महिन्यांत आम्ही नेमके काय करीत होतो, याचा हिशेब या सभेपुढे ठेवणे आम्हांस आवश्यक वाटते.

प्रारंभी एक कबुली द्यावयास हवी. बऱ्याच वर्षांपूर्वी, या व्यवसायात आम्ही नवखे असताना, दुसऱ्या एका गावातील रुग्णालयाचा स्त्री कक्ष आम्ही सजविला होता. ‘सजविला’ हाच शब्द योग्य आहे. चकचकीत लाद्या, नक्षीचे खोटे छत, जाड पडदे, भिंतींना लाकडी पट्ट्या. उद्घाटनाच्या दिवशी सर्वांनी तोंड भरून कौतुक केले. तो महिना फेब्रुवारीचा होता. जूनमध्ये पाऊस सुरू झाला आणि पडद्यांना कुबट वास येऊ लागला, छताच्या कोपऱ्यांत बुरशीचे काळे ठिपके उमटले, आणि बाहेरून येणाऱ्यांच्या ओल्या पायांनी व छत्र्यांच्या पाण्याने त्या सुंदर लाद्या काचेसारख्या निसरड्या झाल्या. एका रात्री शौचालयाकडे निघालेल्या एक वृद्ध बाई घसरून पडल्या आणि त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. तापासाठी दाखल झालेल्या बाई अस्थिभंग घेऊन घरी गेल्या. लाद्या आम्ही निवडल्या होत्या. त्या कक्षात पावसाळ्यातील एकही रात्र आम्ही घालविलेली नव्हती आणि रात्री कोण, कोठून, कशाला धरून चालते हे कोणालाही विचारले नव्हते. दोष सर्वस्वी आमचा होता आणि आजही तो आमच्या मनावर आहे.

त्यानंतर आम्ही शिकलो ते नवीन काही नव्हते, आपल्याच प्रांतात शंभर वर्षांपूर्वी एका पाहुण्याने ते सांगून ठेवले होते. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ १९१४ साली हिंदुस्थानात आले आणि नगररचनेचे काम करू लागले. पुढे १९१९ ते १९२४ या काळात ते मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे प्राध्यापक होते. डॉ. गो. स. घुर्ये हे त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी. गेडिस यांचा आग्रह असा की, आधी पाहणी आणि मगच आराखडा. गावात जावे, गल्ल्या पायी तुडवाव्यात, लोक पाणी कोठे भरतात, सावलीला कोठे बसतात हे पाहावे, आणि तोडफोड करायचीच तर एखादा कुशल शल्यविशारद करतो तेवढीच, बेताची करावी. त्यांनी वैद्यकातलीच भाषा वापरली होती : उपचाराआधी निदान. या सभेत बहुसंख्य मंडळी डॉक्टर आहेत. रुग्णाची नाडी न पाहता औषध लिहून देणाऱ्या वैद्याला आपण काय म्हणाल, हे आम्ही सांगावयास नको. आमच्या व्यवसायात मात्र तसे करणाऱ्यांना पारितोषिके मिळतात.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचे नाव परिचर्येच्या संदर्भात सर्वांना ठाऊक आहे. माहिती गोळा करण्याच्या कामातील त्यांचा अधिकार त्यामानाने कमी लोकांना माहीत आहे. हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये शाही आयोग नेमला गेला, तेव्हा त्यांनी छापील प्रश्नावल्या तयार करून येथील छावण्यांकडे पाठविल्या. पाणी कोठून येते, सांडपाणी कोठे जाते, बराकीत माणशी जागा किती, रुग्णालय कसे आहे, असे प्रश्न होते. उत्तरांचे ढीग लंडनला गेले आणि १८६३ मध्ये अहवाल प्रसिद्ध झाला. त्या स्वतः हिंदुस्थानात कधीही आल्या नाहीत. आजारपणामुळे घरात पडून त्यांनी एवढे काम केले, याचे आम्हांला नेहमी नवल वाटते. तथापि त्या पद्धतीतील एक उणीवही नजरेआड करता येत नाही. प्रश्नावल्यांची उत्तरे दिली ती छावणीच्या अधिकाऱ्यांनी. बराकीत झोपणाऱ्या शिपायाला आणि खाटेवरच्या आजाऱ्याला कोणी विचारले नाही. आजही बहुतेक रुग्णालयांची माहिती अशीच गोळा होते : अधिष्ठाता, व्यवस्थापक आणि फार तर मुख्य परिचारिका यांच्याकडून. आम्ही तसे करावयाचे नाही असे ठरविले.

आमचे पहिले काम होते, या कक्षांत येते कोण, हे समजून घेणे. रत्नागिरी जिल्ह्याची प्रकृती वेगळी आहे. २००१ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ होती, २०११ मध्ये ती १६,१५,०६९ झाली. सगळीकडे माणसे वाढत असताना येथे ती घटली. २०११ मध्ये दर हजार पुरुषांमागे येथे ११२२ स्त्रिया होत्या. या आकड्यांमागची गोष्ट येथील प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलगा मुंबईला, सून मुंबईला, आणि गावच्या घरात आई-वडील. चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला येतात, पण दुखणी सणवार पाहून येत नाहीत. त्यामुळे पुरुष कक्षातील रुग्णाजवळ बहुधा त्याची वृद्ध पत्नी असते, कधी विधवा बहीण, कधी शेजारीण. आपल्या पुरुष कक्षात रात्रीच्या वेळी माणसे मोजली तर त्यांत स्त्रिया बऱ्याच निघतात, आणि त्या कक्षाच्या जुन्या नकाशात स्त्रियांसाठी एकही शौचालय नव्हते! नकाशा करणाऱ्याने पाटीवरचा ‘पुरुष’ हा शब्द वाचला होता, आत येऊन पाहिले नव्हते.

विचारण्याचे कामही वाटते तेवढे सोपे नाही. सुरुवातीस आम्ही छापील कागद घेऊन खाटेपाशी उभे राहिलो. ‘काही गैरसोय आहे का?’ या प्रश्नाला एकच उत्तर मिळाले, “काय नाय हो, सगळा बरा हाय.” डॉक्टर शेजारी, सिस्टर समोर, आणि उपचार सवलतीत चाललेले. अशा वेळी कोण कशाला तक्रार करील? कोकणी माणूस एरवी बोलण्यात कोणाला हार जाणार नाही, पण उपकाराच्या ओझ्याखाली तो गप्प बसतो. मग आम्ही कागद बाजूला ठेवले. दिवसा न जाता रात्री जाऊ लागलो, कोपऱ्यात बसून राहू लागलो. ‘गैरसोय काय’ असे न विचारता ‘काल रात्र कशी गेली, आंघोळ कोठे केलीत, पेज कोठे गरम केलीत, ओले लुगडे कोठे वाळत घातलेत’ असे विचारू लागलो. तेव्हा माणसे बोलू लागली.

पुरुष कक्षात राजापूर तालुक्यातील एक आजी होत्या. यजमानांना अर्धांगाचा झटका आलेला, वाचा गेलेली. आजी खाटेशेजारी जमिनीवर चटई टाकून निजत. एका रात्री आमच्या लक्षात आले की, त्यांच्या मनगटाला सुतळी बांधलेली आहे आणि तिचे दुसरे टोक आजोबांच्या चालत्या हाताला आहे. आम्ही विचारले तेव्हा त्या ओशाळल्या. म्हणाल्या, “माका डोळा लागता हो. ह्येंका हाक मारूक येत नाय.” आजोबांनी हात हलविला की सुतळीला ओढ बसे आणि आजी जाग्या होत.

त्या सुतळीने आम्हांला जे सांगितले ते कोणत्याही प्रश्नावलीतून कळले नसते. खाट उंच होती, त्यामुळे जमिनीवर निजलेल्या माणसाला रुग्ण दिसत नव्हता आणि रुग्णाला तो दिसत नव्हता. सिस्टरना बोलाविण्याची कळ होती, पण ती खाटेच्या उजव्या बाजूच्या भिंतीवर आणि आजोबांचा उजवा हात लुळा. खुर्ची होती, पण खुर्चीत रात्रभर झोपता येत नाही आणि ती खाटेजवळ ओढली तर सलाइनच्या स्टँडला जागा उरत नाही. म्हणजे जे जे असावयास हवे ते सर्व कक्षात होते, फक्त चुकीच्या जागी होते.

दुसरा शोध आम्हांला स्वतः आडवे पडल्यावर लागला. फिनलंडमधील पायमिओ येथे १९३३ मध्ये पूर्ण झालेल्या क्षयरोग आरोग्यधामाची रचना करताना आल्व्हार आल्टो या वास्तुकाराने हेच केले होते. त्या कामाच्या सुरुवातीस तो स्वतः आजारी होता आणि खाटेवर पडल्या पडल्या त्याच्या ध्यानात आले की, खोल्या उभ्या माणसासाठी बांधलेल्या असतात, रुग्ण मात्र आडवा असतो. मग त्याने छताला डोळ्यांना शांत वाटेल असा गडद रंग दिला, दिवे रुग्णाच्या डोळ्यांसमोर येणार नाहीत असे बसविले, आणि हात धुण्याच्या भांड्याचा आकार असा ठेवला की पाण्याचा आवाज शेजारच्या रुग्णाला होऊ नये. आम्ही आपल्या कक्षातील रिकाम्या खाटांवर, सिस्टरांच्या परवानगीने, पाळीपाळीने पडून राहिलो. वरती नळीचा उघडा दिवा आणि पंख्याची कुरकुरणारी पाती. बाजूला भिंत. खिडकी होती, पण तिची खालची कड जमिनीपासून जवळजवळ चार फूट उंच, त्यामुळे पडलेल्या माणसाला आकाशाचा एक पांढरा तुकडा तेवढा दिसे. बाहेर माडांची रांग आहे, आंब्याचे जुने झाड आहे, आणि आत त्याचा पत्ताही नाही.

झाडे दिसल्याने रोगी बरा होतो काय, असे एका विश्वस्तांनी आम्हांस हसत विचारले होते. त्यांच्यासाठी येथे एक नोंद करतो. अमेरिकेतील रॉजर उल्रिच यांनी १९८४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक अभ्यास प्रसिद्ध केला. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ४६ रुग्णांच्या नोंदी त्यांनी तपासल्या. त्यांपैकी २३ जणांच्या खिडकीतून झाडे दिसत होती आणि २३ जणांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडे दिसणाऱ्यांचा रुग्णालयातील मुक्काम काहीसा कमी झाला आणि त्यांना वेदनाशामक औषधांच्या तीव्र मात्रा कमी लागल्या. अभ्यास एकाच रुग्णालयातला आणि थोड्या रुग्णांचा आहे, त्यावर मनोरे रचू नयेत. पण आपली झाडे फुकटची आहेत. जांभ्या चिऱ्याच्या भिंतीत नवी खिडकी पाडणे खर्चाचे व जोखमीचे ठरले असते, तथापि आहे त्या खिडकीच्या खालचे चिरे काढून तिची कड उतरविण्यास वरच्या लिंटेलला हात लावावा लागत नाही. गज कायम ठेवून आम्ही तेवढेच केले. गेडिस यांना अभिप्रेत असलेली बेताची शस्त्रक्रिया ती हीच असावी, असे आम्ही मनाशी म्हणतो.

खिडक्यांचा प्रश्न येथे मिटत नाही, कारण कोकणात खिडकीचा शत्रू पाऊस आहे. नैर्ऋत्येचा वारा झड घेऊन आत येतो, म्हणून जून ते सप्टेंबर खिडक्या बंद, आणि नेमक्या त्याच काळात ताप, खोकला आणि दम्याच्या रुग्णांनी कक्ष भरलेला. बंद कक्षात हवेवाटे रोग पसरतो हे २०२० मध्ये साऱ्या जगाने फार मोठी किंमत देऊन जाणले. त्याही आधी, २००७ मध्ये, पेरू देशातील लिमा शहराच्या आठ रुग्णालयांतील हवा मोजून काही संशोधकांनी दाखवून दिले होते की, १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या व मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत, खिडक्या उघड्या ठेवल्या असता, नव्या इमारतींपेक्षा व यंत्राने हवा खेळविणाऱ्या खोल्यांपेक्षाही हवा अधिक वेळा बदलली जाते. आपली जुनी इमारत या बाबतीत भाग्यवान आहे. आमच्या आधी एकदा येथेही खोटे छत घालण्याचा प्रस्ताव आला होता आणि पैशाअभावी तो बारगळला, असे जुन्या इतिवृत्तात वाचले. कधी कधी गरिबीही शहाणपणाचे काम करते. आम्ही छत उंचच ठेवले आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून खोल पडवी जोडली. कोकणातील प्रत्येक जुन्या घराला ती असते. पागोळ्या पडवीच्या कडेला गळतात आणि खिडकी उघडी राहते.

त्या पडवीचा दुसरा उपयोग आम्हांला आप्तेष्टांनीच सुचविला. ओले कपडे! पावसाळ्यात कक्षात पाऊल टाकले की खाटांच्या गजांवर, खिडक्यांच्या कड्यांवर, सलाइनच्या स्टँडवरसुद्धा कपडे वाळत असत, आणि सिस्टर दिवसभर ते काढावयास लावीत. त्यावरून रोज वादावादी. दोन्ही बाजू बरोबर होत्या. माणूस दोन लुगड्यांवर आठ दिवस राहावयास आला आहे, त्याने ते वाळवायचे कोठे? पडवीत छताखाली दांड्या लावल्या, हा प्रश्न संपला. इतकी लहान गोष्ट आम्हां तज्ज्ञ म्हणविणाऱ्यांच्या यादीत नव्हती.

परिचारिका, मावश्या व वॉर्डबॉय यांच्याशी आम्ही स्वतंत्रपणे बोललो. त्यांचे सांगणे थोडक्यात असे : औषधांचे कपाट टेबलापासून दूर, चादरींची खोली त्याहून दूर, जेवण्यास जागा नाही. रात्रपाळीच्या मावश्या जिन्याच्या पायरीवर बसून डबा खात. ते सर्व बदलले आहे.

आता दोन गोष्टी अशा सांगतो, ज्या सांगताना आम्हांस संकोच वाटतो. धर्मादाय रुग्णालयांनी आपल्या दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी व दहा टक्के दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी ठेवाव्यात, अशी योजना मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने २००६ पासून राज्यात लागू आहे, आणि आपले रुग्णालय ती निष्ठेने पाळते. पण त्यासाठी लागणारी चौकशी केसपेपरच्याच खिडकीवर होत असे. मागे दहा-वीस माणसांची रांग, आणि खिडकीतून मोठ्याने प्रश्न : रेशनकार्ड कोणते? मिळकत किती? घरात कमावते कोण? त्या रांगेत गावचेच लोक उभे असतात. एका गृहस्थांनी आम्हांस सांगितले की, सवलत मिळत असताही त्यांनी ती मागितली नाही आणि आईच्या उपचारासाठी दोन कलमे तोडून विकली. हापूसचे कलम धरते व्हायला किती वर्षे जातात, हे येथे कोणाला सांगावयास नको. आठ फूट बाय आठ फुटांची, दार लागणारी एक खोली एवढीच काय ती गरज होती. केसपेपरच्या खिडकीमागची सामानाची खोली रिकामी करून ती आता समाजसेवा अधिकाऱ्यांना दिली आहे.

दुसरी गोष्ट मृत्यूची. अत्यवस्थ रुग्णाच्या घरच्यांना डॉक्टर वाईट बातमी कोठे सांगतात, हे आम्ही पाहिले. मार्गिकेत, उभ्या उभ्या, शेजारून ट्रॉली जात असताना. डॉक्टरांची यात चूक नाही, त्यांना दुसरी जागाच नव्हती. रुग्णाच्या दाराबाहेर कुजबुजत बोलणे ही त्याच्यावर क्रूरता आहे, असे नाइटिंगेल बाईंनी दीडशे वर्षांपूर्वी लिहून ठेवले आहे. आम्ही मागितलेली छोटी खोली मंडळाने मंजूर केली. तिच्यात चार खुर्च्या, पाण्याचा माठ आणि एक खिडकी आहे. दारावर कोणतीही पाटी लावू नये, असे परिचारिकांनी सुचविले, कारण पाटी वाचूनच माणसाचा धीर सुटेल. ते आम्हांला सुचले नसते.

आता देणगीचा विषय. प्रवेशद्वाराशी भव्य दालन उभारण्यासाठी एका कुटुंबाने वडिलांच्या स्मरणार्थ मोठी रक्कम देऊ केली होती. ग्रॅनाइटची जमीन, संगमरवरी फलक, झुंबर. त्या दालनाची तुलना कोणीतरी थिबा राजवाड्याशी केली, तेव्हा आम्हांला त्या राजाचीच आठवण झाली. ब्रह्मदेशाचा पदच्युत राजा थिबा १८८६ मध्ये रत्नागिरीस आला, इतर बंगल्यांत चोवीस वर्षे राहिला आणि १९१० मध्ये त्या भव्य वास्तूत गेला. सहा वर्षांनी तेथेच वारला. दालने मोठी होती, समुद्र दिसत होता, पण त्याला जावयाचे होते ते मंडालेला. असो.

आम्ही त्या कुटुंबाला विनंती केली की, या रकमेतून रुग्णांच्या आप्तेष्टांसाठी, मुख्यतः स्त्रियांसाठी, न्हाणीघरे, शौचालये आणि निजण्याची जागा करू द्यावी. क्षणभर कोणीच बोलले नाही. मग थोरले बंधू म्हणाले, “अहो, पण शौचालयावर वडिलांचे नाव कसे लावायचे?” त्यांचा प्रश्न आम्हांला हास्यास्पद वाटला नाही. दान देणाऱ्याच्याही गरजा असतात आणि त्या समजून घेणे हाही आमच्या कामाचाच भाग होता. आम्ही वाद घातला नाही. एक रात्र पुरुष कक्षात येऊन बसा, एवढेच म्हटले. ते आणि त्यांच्या पत्नी जुलै महिन्यात आले. पहाटे चारच्या सुमारास, भर पावसात, एक वृद्ध बाई हातात कंदिलासारखा मोबाईलचा दिवा धरून अंगण ओलांडून बाह्यरुग्ण विभागाच्या शौचालयाकडे निघाल्या, तेव्हा वहिनी उठून त्यांच्याबरोबर गेल्या. परत आल्यावर त्या यजमानांशी काय बोलल्या हे आम्हांस ठाऊक नाही. त्याच आठवड्यात संमतीचे पत्र आले. आज ‘आप्तनिवासा’च्या पडवीत वडिलांच्या नावाचा साधा जांभ्याचा फलक आहे, आणि संध्याकाळी तेथे बायका तांदूळ निवडीत बसलेल्या असतात.

मापांविषयी एवढेच की, ती परदेशी पुस्तकांतून उचलली नाहीत. अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये भारतीय शरीरमापांचा संग्रह प्रसिद्ध केला आहे, त्याचा आधार घेतला, आणि शिवाय येथील आजी-आजोबांना प्रत्यक्ष बाकावर बसवून, उठवून पाहिले. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा ठेवला, दारांचे उंबरठे काढले, शौचालयांत धरावयाच्या दांड्या दोन्ही बाजूंना लावल्या. रात्रीचा मंद दिवा जमिनीजवळ बसविला, म्हणजे पाय दिसतात आणि झोप मोडत नाही. लाद्या खरखरीत निवडल्या. झाडताना मावश्यांना थोडे अधिक श्रम पडतात, ही त्यांची तक्रार खरी आहे आणि आम्ही ती मान्य करतो. मात्र त्या लाद्यांच्या बाबतीत आम्ही तडजोड करणार नाही, कारण आपण वर ऐकलेच आहे.

काही गोष्टी फसल्याही. खाटेशेजारी रुग्णाच्या सोबतीसाठी आम्ही जे लांब बाक केले, त्यांच्या खाली सामानासाठी कप्पे ठेवले होते. पावसाळ्यात प्लायवुड फुगले आणि कप्प्यांची दारे उघडेनाशी झाली. ती सर्व दारे काढून टाकली असून आता उघडे कप्पे आहेत, सामान दिसते आणि बरे दिसत नाही. बाकांची उंची खाटेहून जराशीच कमी आहे. आडवे पडल्या पडल्या सोबतीच्या माणसाला रुग्ण दिसतो. बोलावण्याची कळ लांब दोरीची केली आहे, ती ज्या हाताशी हवी त्या हाताशी ठेवता येते. तरीही मागील महिन्यात एका वहिनींनी आपल्या पदराचे टोक सासऱ्यांच्या हाताशी बांधलेले आम्ही पाहिले. कळ चालू होती, आम्ही तपासली. त्यांना विचारले तर म्हणाल्या, घंटा वाजली की सिस्टर येतात, मला आधी कळायला हवे. यावर काय करावे, हे अद्याप आमच्या ध्यानात आलेले नाही.

पुढील वर्षी बाह्यरुग्ण विभागाचे काम घ्यावयाचे आहे. जुलै २०२१ मध्ये चिपळुणात पुराचे पाणी तळमजल्यांत शिरले, ते ध्यानात घेऊन औषधसाठा व जनित्र वरच्या पातळीवर हलविण्याचा विचार त्याच वेळी व्हावा, असे आम्ही मंडळास लेखी कळविले आहे. आराखडा अद्याप केलेला नाही. प्रश्नांचे कागद केसपेपरच्या खिडकीशेजारी ठेवले आहेत. ज्यांना लिहिणे जमत नाही त्यांच्यासाठी आमच्यापैकी दोघे दर रविवारी सकाळी दहा ते बारा आप्तनिवासाच्या पडवीत बसतात. नाव सांगण्याची आवश्यकता नाही. देणगीदारांपैकी कोणास आमच्याबरोबर एखादी रात्र कक्षात बसावयाचे असेल, तर त्यांनी कार्यालयात तसे कळवावे, आणि शक्यतो पावसाळ्यातील रात्र निवडावी.